साखर न घालता सीताफळाचे आइसक्रीम

सीताफळाचे आइसक्रीम घरी करून पाहिले की बहुधा दोनांपैकी एक तक्रार ऐकू येते. डबा इतका कडक गोठतो की त्यात चमचा शिरत नाही, किंवा आइसक्रीम तोंडात घेतल्यावर बर्फाची कचकच लागते. मग पुढच्या वेळी साखर वाढवली जाते, कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडला जातो, विकतचे क्रीम ओतले जाते, आणि ज्या फळासाठी हा सारा खटाटोप मांडला त्याचीच चव मागे पडते. येथे दिलेल्या कृतीत साखर नाही, क्रीम नाही आणि दाटपणासाठी कोणतीही पावडर नाही. पिकलेले सीताफळ, एक केळे, थोडा खजूर आणि घरी बांधलेला चक्का एवढ्यावरच ती उभी आहे. मात्र ती हमखास जमायची असेल तर गोठताना फळातल्या पाण्याचे काय होते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुढची जवळपास प्रत्येक पायरी त्या पाण्याला आवर घालण्यासाठीच आहे.

पाणी आणि साखर

सीताफळाच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. त्यात साखर विरघळलेली असली की ते त्याहून खालच्या तापमानाला गोठू लागते, आणि जसजसा बर्फ तयार होतो तसतसा उरलेला पाक अधिकाधिक दाट होत जातो. त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपाससुद्धा, बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक न गोठता शिल्लक राहतो आणि त्याच्यामुळेच आइसक्रीम चमच्याने काढता येते. आइसक्रीममधली साखर केवळ गोडीसाठी नसते ती अशी. ‘आरोग्यासाठी’ म्हणून ती नुसती वगळली आणि बाकी कृती तशीच ठेवली, तर डबा कडक होणारच.

यावरचा उपाय फळातच आहे. पिकलेल्या सीताफळातली साखर मुख्यत्वे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपांत असते. या साखरांचे रेणू आपल्या नेहमीच्या साखरेच्या रेणूच्या साधारण निम्म्या वजनाचे असतात. म्हणून तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जवळपास दुप्पट भरते, आणि गोठणबिंदू किती खाली जाईल हे रेणूंच्या संख्येवरच ठरते. म्हणजे मऊपणाच्या दृष्टीने फळातली साखर डब्यातल्या साखरेपेक्षा तेवढ्याच वजनात अधिक काम करते. अट एवढीच की फळ पूर्ण पिकलेले हवे. अर्धवट पिकलेल्या फळातले पिष्ट अजून साखरेत बदललेले नसते, आणि अशा फळाचे आइसक्रीम फिके तर लागतेच, शिवाय कडकही होते. या कृतीत एकाच गोष्टीवर सर्वांत अधिक जोर द्यायचा झाला तर मी फळाच्या पिकण्यावर देईन. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही निस्तरता येत नाही.

फळ निवडणे आणि पिकवणे

महाराष्ट्रात सीताफळाचा मुख्य हंगाम ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. पुरंदर तालुक्यातल्या सासवडच्या बाजारातली आणि बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांवरची सीताफळे प्रसिद्ध आहेत; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. डोंगरातल्या गावरान फळाला गोडी आणि सुगंध भरपूर, पण बिया जास्त आणि गर कमी असतो. बार्शी तालुक्यातले शेतकरी नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेले ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण आता सर्वत्र मिळते. त्याचे फळ मोठे, गर भरपूर आणि बिया कमी असल्यामुळे आइसक्रीमसाठी ते सोयीचे पडते. सुगंधाच्या बाबतीत माझे मन अजूनही गावरान फळाकडेच झुकते, म्हणून शक्य असेल तेव्हा दोन्ही निम्मी निम्मी घ्यावीत.

विकत घेताना डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून तिथे पांढुरका पिवळा रंग दिसू लागलेला आहे, असे फळ निवडावे. डोळे मिटलेले, गडद हिरवे फळ कोवळे काढलेले असते आणि ते पिकण्याऐवजी सुकून काळे पडते. घरी आणल्यावर फळे गवतात, भाताच्या पेंढ्यात किंवा कागदात गुंडाळून टोपलीत ठेवावीत; दोन ते चार दिवसांत ती अंगठ्याने हलके दाबल्यावर दबू लागतात. कच्ची फळे फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत. थंडीने त्यांचे पिकणे थांबते, साल काळी पडते, आणि नंतर बाहेर काढून ठेवली तरी ती नीट पिकत नाहीत. फळ पूर्ण पिकल्यावर मात्र एखादा दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. देठ सहज सुटून येतो आणि जवळ घेताच वास दरवळतो, तो दिवस गर काढण्याचा.

गर आणि बिया

खाली दिलेल्या प्रमाणासाठी ५०० ग्रॅम गर लागतो; त्यासाठी वाणाप्रमाणे सव्वा ते दीड किलो फळे घ्यावी लागतात. फळे आधी वाहत्या पाण्याखाली धुऊन पुसून घ्यावीत, कारण खवल्यांच्या फटींत धूळ आणि कधी कधी पिठ्या ढेकूणही अडकलेला असतो. फळ हाताने उकलून गर चमच्याने काढावा. सालीला अगदी लागून असलेला थर रवाळ असतो. तो खरवडून घेतला तर आइसक्रीममध्ये वाळूसारखा जिभेला जाणवतो, म्हणून तिथे थोडा मोह आवरावा.

बिया काढण्यासाठी बिया असलेला गर सरळ मिक्सरमध्ये फिरवून मग गाळण्याची एक सोपी वाट अनेक जण धरतात. ती कधीही धरू नये. सीताफळाच्या बियांत विषारी द्रव्ये असतात. त्यांची पूड उवा मारण्यासाठी वापरण्याची प्रथा आहे आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते. अख्खी बी चुकून गिळली गेली तर टणक आवरणामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते, परंतु पात्याने फुटलेल्या बीचा अंश गरात मिसळतो आणि तो गाळण्याने निघत नाही. त्याऐवजी गर खोलगट पातेल्यात घेऊन लाकडी रवीने हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे घुसळावा. गर बियांपासून सुटून येतो, बिया स्वच्छ होऊन दिसू लागतात आणि त्या चिमट्याने किंवा बोटांनी उचलता येतात. शेवटी उरलेला भाग मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने चोळावा. बारीक गाळणीतून मात्र गर गाळू नये, कारण त्यातला चोथाच पाणी धरून ठेवतो आणि बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फळांच्या रसातली साखर मर्यादा घालण्याजोग्या साखरेत मोजली आहे, अख्ख्या फळातली मोजलेली नाही.

गर कधीही गरम करू नये. सीताफळ तापवले की कडू होते. सीताफळ बासुंदीतही दूध थंड झाल्यावरच गर घालतात त्याचे कारण हेच. त्यामुळे आंबा किंवा स्ट्रॉबेरी जशी आटवून पाणी कमी करता येते तसे सीताफळाच्या बाबतीत करता येत नाही, आणि पाणी कमी करण्याची जबाबदारी चक्क्याकडे जाते.

चक्का

पाऊण लिटर ते एक लिटर साय न काढलेले दूध उकळून, कोमट करून विरजावे. दही लागले की आंबट होण्यापूर्वीच ते स्वच्छ धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात बांधून गाळणीवर ठेवावे, खाली भांडे ठेवावे, आणि हे सारे रात्रभर फ्रिजमध्येच असावे. पूर्वीप्रमाणे खुंटीला टांगून ठेवले तर उष्ण हवेत दही आंबत राहते, आणि सीताफळाच्या नाजूक चवीला जास्त आंबटपणा सोसत नाही. सकाळी चक्का बोटाला चिकटण्याइतका घट्ट असला पाहिजे. त्यातला २५० ग्रॅम या कृतीसाठी घ्यावा. खाली जमलेले पाणी टाकू नये. त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.

येथे साय काढलेल्या दुधाचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुधातली स्निग्धता बर्फाच्या कणांभोवती राहून जिभेला मऊपणा देते, आणि या प्रमाणात ती एका वाटीमागे फार थोडी येते. दुधाचे पदार्थ ज्यांना चालत नाहीत त्यांनी चक्क्याऐवजी तेवढेच नारळाचे पहिले, दाट दूध घ्यावे. कोकणात आणि गोव्यात फळ आणि नारळाचा रस यांची जोडी जुनीच आहे, आणि सीताफळाशीही ती चांगली जमते.

मिश्रण आणि गोठवणे

गर ५०० ग्रॅम, चक्का २५० ग्रॅम, सालीवर काळे ठिपके आलेले एक मोठे केळे, बिया काढलेला सहा ते आठ नग, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, मऊ खजूर, एक लहान चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य पुरते. खजूर अगदी थोड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा आणि ते पाणी निथळून टाकावे. केळे, खजूर आणि लिंबाचा रस मिक्सरमधून गंधासारखे वाटून घ्यावेत. लिंबामुळे केळे काळे पडत नाही. या वाटणात थंडगार चक्का घालून एकदाच फिरवावे. दोनतृतीयांश गर त्यात मिसळावा आणि उरलेला तसाच पाकळ्या-पाकळ्यांचा बाजूला ठेवावा. वेलची, केशर, व्हॅनिला यांपैकी काहीही घालू नये. सीताफळाचा स्वतःचा सुगंध त्यांच्याखाली दबतो.

या टप्प्यावर मिश्रण चाखून पाहावे आणि ते खाण्यास योग्य वाटते त्यापेक्षा किंचित जास्त गोड आहे ना याची खात्री करावी. थंडीने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती मंदावते, त्यामुळे आता नेमके वाटणारे मिश्रण गोठल्यावर फिके लागते. कमी गोड वाटल्यास आणखी दोन खजूर वाटून घालावेत. नंतर मिश्रण झाकून दोन तास फ्रिजमध्ये, शक्य झाल्यास रात्रभर, ठेवावे. कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये गेले तर ते सावकाश गोठते, आणि सावकाश गोठलेल्या पाण्याचे कण मोठे होतात. कचकच लागण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

गोठवण्यासाठी प्लॅस्टिकच्या खोल डब्यापेक्षा स्टीलचा पसरट डबा किंवा झाकणाची परात बरी, कारण धातूतून उष्णता लवकर निघून जाते. डबा आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये थंड करावा आणि मिश्रणाचा थर दोन बोटांपेक्षा जाड नसावा. सुमारे पाऊण तासाने कडेने बर्फ धरू लागतो. तेव्हा डबा काढून कडेचा भाग आत ओढावा, काट्याने किंवा हाताच्या बीटरने एक मिनिट जोरात फेटावे आणि परत ठेवावे. असे दर पाऊण तासाने तीन ते चार वेळा करावे. प्रत्येक वेळी मोठे होऊ पाहणारे कण फुटतात आणि थोडी हवाही आत शिरते. शेवटच्या फेटण्यानंतर बाजूला ठेवलेला गर हलक्या हाताने मिसळावा, पृष्ठभागावर बटर पेपर हवा न राहील असा चिकटवून झाकण लावावे आणि चार तास हलवू नये.

दिवसभर असे उठबस करणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून पूर्ण गोठवावे, खाण्याच्या वेळी क्यूब बाहेर काढून पाच ते सात मिनिटे ठेवावेत, आणि थंड केलेल्या भांड्यात थोडे थोडे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा. आधी भुगा होतो, मग एकाएकी ते लोण्यासारखे एकजीव होते. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये आणि सलग फिरवू नये. मोटार तापते आणि तिच्या उष्णतेने आइसक्रीमही वितळते. हे लगेच खायचे असते. पुन्हा गोठवले तर कडक होते.

ज्यांच्या माळ्यावर जुना आइसक्रीमचा पॉट पडून आहे त्यांनी मात्र तो खाली काढावा. लाकडी बादलीत साधारण तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ थरांनी भरले की मिठाने बर्फ वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढली जाते आणि तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. डबा सतत फिरत असल्यामुळे भिंतीवर धरलेला बर्फ लगेच खरवडला जातो, आणि वीस ते तीस मिनिटांत जे आइसक्रीम तयार होते त्याचा पोत फ्रीजरमध्ये फेटून कधीच साधत नाही. मिश्रण डब्याच्या दोनतृतीयांश उंचीपेक्षा जास्त भरू नये आणि झाकण उघडण्यापूर्वी वरचे खारे पाणी पुसून घ्यावे. मुलांना पाळीपाळीने दांडा फिरवायला द्यावा; दांडा जड झाला की आइसक्रीम झाले, हे त्यांना हातानेच कळते.

इतर फळे

हीच रीत इतर फळांना लावताना फळातले पाणी आणि आंबटपणा पाहून बदल करावे लागतात. हापूसचा रस दाट आणि गोड असल्यामुळे त्यात केळे घालण्याची गरज नाही. ६०० ग्रॅम रसाला २५० ग्रॅम चक्का घेतला की गोठवलेले आम्रखंडच हाती येते. चिक्कू साल आणि बिया काढून घ्यावा. तो पूर्ण पिकलेला नसेल तर त्यातला चीक घशाला ओढ लावतो. केळे एकटेही पुरते: ठिपके पडलेल्या केळ्यांच्या चकत्या गोठवून ट्रेच्या रीतीने वाटल्या, तर दुसरे काहीही न घालता मऊ आइसक्रीम होते, आणि त्यासाठी वेलची केळी विशेष चांगली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि साखर कमी, म्हणून ती मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवावी आणि केळे व खजूर वाढवावा.

अननस आणि पपई यांच्याबाबत सावध राहावे. कच्च्या अननसात दुधातली प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. त्याने चक्का कडवट आणि पातळ होतो. अननस पाच मिनिटे उकळून थंड करून वापरला की ते विकर निष्क्रिय होते. पपईत असेच दुसरे विकर असते, परंतु पपई शिजवली की तिची चव उतरते, म्हणून तिच्यासाठी नारळाचे दूध घ्यावे. कलिंगडाचे आइसक्रीम करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा रस पसरट ताटात गोठवून काट्याने खरवडावा आणि लिंबू व काळे मीठ घालून खावा, तेच त्याला शोभते.

किती खावे, किती दिवस ठेवावे

वरील प्रमाणात सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे आठ लहान वाट्या आइसक्रीम होते. एका वाटीत साधारण १३० कॅलरी आणि १५ ते १८ ग्रॅम साखर येते. ही साखर फळांची आणि थोडी दुधाची असली तरी साखरच आहे. ‘साखर न घातलेले’ आणि ‘साखर नसलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीला हे आइसक्रीम देताना तो फरक विसरू नये. सीताफळ आणि चिक्कू ही मुळातच गोड फळे आहेत, म्हणून मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवलेल्या फळाच्या वाट्यातच ही वाटी मोजावी, वेगळी नव्हे.

विकतच्या डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिलेले असते तेव्हा त्यात दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी वापरलेली असू शकते. भारतीय नियमांप्रमाणे साध्या आइसक्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. या हिशेबाने आपला हा पदार्थ नियमातल्या व्याख्येत साधे आइसक्रीम ठरत नाही, पण घरात त्याला दुसरे नाव कोणी देईल असे वाटत नाही.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. म्हणून हात, फडके आणि भांडी स्वच्छ असावीत, दही उकळलेल्या दुधाचेच असावे, आणि एकदा वितळलेले आइसक्रीम पुन्हा गोठवून ठेवू नये. वीज बराच वेळ गेली असेल तर ते त्याच दिवशी मिल्कशेक म्हणून संपवावे. फ्रीजरमध्ये ते दहा-बारा दिवस चांगले राहते, त्यानंतर कण मोठे होऊ लागतात. डबा मासळीपासून आणि वाटलेल्या मसाल्यांपासून दूर, फ्रीजरच्या आतल्या बाजूला ठेवावा, दाराजवळ नव्हे. वाढण्यापूर्वी पंधरा मिनिटे तो खालच्या फ्रिजमध्ये उतरवून ठेवावा, चमचा गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावा, आणि वाटीत काढल्यावर वर ताज्या सीताफळाच्या बिया काढलेल्या दोन पाकळ्या ठेवाव्यात.